थायरॉइडमुळे एकाचे दोन दिसतात? तिरळेपणाच्या ऑपरेशनची तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

थायरॉइडमुळे डोळे तिरळे झालेले पेशंट ओपीडीत आले की पहिला प्रश्न तारखेचा असतो. मेमध्ये मुलीचं लग्न आहे, त्याआधी होईल ना? या लेखात तारीख बऱ्याच उशिरा येते, कारण या ऑपरेशनमध्ये ती तशीच उशिरा ठरायला हवी. मी ऑर्थोप्टिस्ट आहे. सर्जनने स्नायू किती मिलिमीटर हलवायचा, हे ज्या मोजमापांवर ठरतं ती घेणं हे माझं काम. तेच आकडे अजून बदलत असताना ऑपरेशन उरकून घेतलेले पेशंट बघितले की वाईट वाटतं, कारण त्यांना पुन्हा सगळ्यातून जावं लागतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. प्रत्येक डोळा फिरवायला सहा स्नायू असतात. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती या स्नायूंवर आणि त्यांच्याभोवतीच्या चरबीवर उलटते. स्नायू आधी सुजतात, आणि सूज उतरल्यावर ताठ, आखडलेले राहतात. सर्वांत जास्त सापडतो तो डोळ्याखालचा स्नायू, त्याखालोखाल नाकाकडचा. म्हणून डोळा खाली किंवा आत ओढला जातो, वर बघता येत नाही, आणि माणूस नकळत हनुवटी वर करून बघायला लागतो. इथे स्नायू कमजोर नसतो, आखडलेला असतो. त्यामुळे मोबाईलवर फिरणारे डोळ्यांचे व्यायाम कितीही केले तरी तो सैल होत नाही.

टप्पा १: दोन दिसणं नेमकं कशाचं, हे पक्कं करा

एक डोळा हाताने झाका. दोनाचं एक झालं? आता दुसरा झाका. तरीही एकच दिसतं? मग दोष दोन डोळ्यांच्या जुळणीत आहे आणि हा लेख तुमच्यासाठी आहे. एक डोळा झाकूनही सावली पडल्यासारखं दुहेरी दिसत असेल, तर कारण वेगळं असतं: मोतीबिंदू, डोळ्यांचा कोरडेपणा किंवा चष्म्याचा नंबर. ते स्नायूच्या ऑपरेशनने जाणार नाही.

दुसरी शंका मायस्थेनियाची. थायरॉइडच्या काही पेशंटना हा स्नायू थकवणारा आजारही सोबत असतो. थायरॉइडमध्ये वरची पापणी वर ओढली जाते. ती उलट खाली पडत असेल, सकाळी बरं आणि संध्याकाळी जास्त दुहेरी दिसत असेल किंवा डोळा बाहेरच्या बाजूला वळत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्याची रक्ततपासणी असते. हे निदान सुटलं तर पुढचं सगळं गणित चुकतं.

*थांबा, हे आधी बघा:* एक-एक डोळा झाकून लाल रंगाची एखादी वस्तू बघा, कुंकवाची डबी चालेल. एका डोळ्याला तो लाल फिका, विटका दिसत असेल किंवा नजर मंदावली असेल, तर सुजलेले स्नायू डोळ्याच्या नसेवर दाब देत असू शकतात. पापणी पूर्ण मिटत नसून डोळा दुखत असेल, तर बुबुळावर जखम झालेली असू शकते. दोन्हींमध्ये पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

टप्पा २: आधी थायरॉइड, आणि आधी सिगारेट

डोळ्यांचे डॉक्टर आणि एंडोक्रिनोलॉजिस्ट, म्हणजे थायरॉइडवर उपचार करणारे हार्मोनतज्ज्ञ, या दोघांच्या फाइली एकमेकांना दिसल्या पाहिजेत. मुंबईत हे क्वचितच आपोआप होतं. एक डॉक्टर परळला, दुसरे बोरिवलीला, आणि मधला निरोप्या म्हणजे पेशंट स्वतः. म्हणून दर भेटीला दोन्हीकडचे ताजे कागद सोबत ठेवा.

रक्ततपासणीतला नुसता टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणाऱ्या हार्मोनचा आकडा) घेऊन येऊ नका. वाढलेल्या थायरॉइडवर उपचार सुरू झाल्यावर टीएसएच बरेच दिवस दबलेलाच राहतो. खरी स्थिती फ्री टी-फोर आणि टी-थ्री या थायरॉइडच्या स्वतःच्या हार्मोनांवरून कळते. थायरॉइड ताब्यात नसताना पूर्ण भूल देणं धोक्याचं आहे. शिवाय पातळी वर-खाली होत राहिली तर डोळ्यांचा आजारही शांत होत नाही.

रेडिओआयोडीन, म्हणजे थायरॉइडचं काम कमी करणारं किरणोत्सारी आयोडीन, घ्यायला सांगितलं असेल, तर घेण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना कळवा. त्याने काही जणांचे डोळे बिघडतात, धूम्रपान करणाऱ्यांचे विशेषतः. त्यासाठी स्टिरॉइडचं संरक्षण द्यावं लागू शकतं.

सिगारेट-बिडीबद्दल मी आडपडदा ठेवत नाही. धूम्रपानाने हा आजार होण्याची शक्यता वाढते, तो जास्त तीव्र होतो आणि औषधांचा गुणही कमी येतो. पेशंटच्या हातात असलेली यापेक्षा परिणामकारक गोष्ट मला माहीत नाही. कमी केली आहे, असं नको. बंद हवी. घरात दुसरं कोणी ओढत असेल तर त्यांनाही गॅलरीत नाही, घराबाहेर पाठवा.

टप्पा ३: आजार शांत झालाय का?

डॉक्टर सात खुणा बघतात: डोळ्यामागे आपोआप होणारी दुखण्याची जाणीव, डोळा फिरवताना दुखणं, पापण्यांची लाली, पापण्यांची सूज, डोळ्याच्या पांढऱ्या भागाची लाली, त्यावरच्या पातळ पडद्याची सूज आणि नाकाकडच्या कोपऱ्यातल्या मांसल उंचवट्याची सूज. यातल्या ३ किंवा जास्त असतील तर आजार अजून पेटता आहे. हा काळ काही महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत, कधी त्याहूनही लांबतो. त्यात औषधं दिली जातात, तिरळेपणाचं ऑपरेशन सहसा नाही.

अपवाद आहेत. मान इतकी वाकडी धरावी लागते की जगणंच अवघड झालंय, अशा वेळी काही सर्जन लवकर ऑपरेशन करतात. पण पुन्हा करावं लागण्याची शक्यता जास्त आहे हे मान्य करून, आणि तो निर्णय त्यांचा.

टप्पा ४: तीन ऑपरेशनांचा क्रम मोडू नका

सगळ्यांना तिन्ही लागत नाहीत. पण लागलीच तर क्रम ठरलेला आहे.

१. डोळे फार बाहेर आले असतील किंवा नसेवर दाब असेल तर आधी खोबणीचं ऑपरेशन. त्यात खोबणीची हाडं किंवा चरबी कमी करून डोळ्याला मागे जायला जागा करतात.
२. मग तिरळेपणाचं, म्हणजे स्नायूंचं.
३. शेवटी पापण्यांचं.

खोबणीच्या ऑपरेशननंतर स्नायूंची जागा आणि ताण बदलतो. आधी दुहेरी दिसत नसलेल्यांनाही नंतर दिसू शकतं. स्नायूचं आधी करून घेतलं तर तो हिशोब मोडतो. आणि डोळ्याखालचा स्नायू मागे नेला की खालची पापणी थोडी खाली ओढली जाते, त्या बाजूचा डोळा मोठा दिसतो. वरच्या पापणीचं उलट होऊ शकतं. खाली ओढलेला डोळा वर उचलायच्या धडपडीत ती वर ताणलेली असते, स्नायू सैल केल्यावर आपोआप थोडी उतरते. म्हणून पापणी शेवटी.

*नेहमीची चूक:* चारचौघांत डोळे बटबटीत दिसतात म्हणून आधी पापणी करून घेणं. ते दुःख खरं आहे, आरशात रोज बघावं लागतं. पण त्या घाईत पापणीचं काम दोनदा करावं लागू शकतं.

खोबणीचं ऑपरेशन झालं असेल तर त्यानंतर किमान तीन महिने, बहुतेक वेळा त्याहून जास्त, थांबून पुढचा टप्पा सुरू करा.

टप्पा ५: आकडा थांबेपर्यंत मोजत राहा

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं विस्ताराने सांगते.

मोजमाप असं होतं. समोर सहा मीटरवर एक अक्षर किंवा दिवा. मी तुमचा एक डोळा झाकते, मग दुसरा, आणि झाकण बदलताना डोळा किती उडी मारतो ते बघते. डोळ्यापुढे प्रिझमची, म्हणजे प्रतिमा बाजूला सरकवणाऱ्या काचांची, पट्टी धरून एकेक काच वाढवत नेते. ज्या काचेला उडी थांबते तो तुमचा आकडा, प्रिझम डायॉप्टरमध्ये. एक मीटरवर प्रतिमा एक सेंटिमीटर सरकवते ती एक डायॉप्टरची काच. हेच नंतर वाचायच्या अंतरावर आणि वर, खाली, डाव्या-उजव्या बाजूला बघताना. सोबत हेस चार्ट किंवा दुहेरी दिसण्याचा नकाशाही काढतात, त्यावरून कुठला स्नायू किती आखडलाय ते कागदावर दिसतं.

हा आकडा जवळपास सहा महिने तसाच राहिला पाहिजे. दोन महिन्यांच्या अंतराने दोनदा सारखा आला आणि पुढे सरकला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. निराशा होते, मी रोज चेहरे बघते. पण सरकत्या आकड्यावर केलेलं ऑपरेशन त्या दिवशी बरोबर असतं आणि चार महिन्यांनी चुकीचं.

आकडा खरा यावा म्हणून तुम्ही एवढं पाळा:

- दर वेळी साधारण एकाच वेळेला या. रात्रभर आडवं झोपल्याने सकाळी सूज जास्त असते. सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा यांची तुलना होत नाही.
- तोच चष्मा घालून या. त्यावर प्रिझम असेल तर आल्या आल्या सांगा.
- मोजताना डोकं सरळ. हनुवटी वर करायची सवय इतकी मुरलेली असते की तुम्हाला कळतही नाही. मी हनुवटीला हात लावला तर रागावू नका.
- शक्य असेल तर मोजणारी व्यक्ती तीच असू द्या. केईएम, सायन, नायर, जे.जे. अशा मोठ्या रुग्णालयांत निवासी डॉक्टर बदलत राहतात. तिथे दर भेटीच्या केस पेपरचा आणि हेस चार्टचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असा.

घरी एक सोपी नोंद ठेवता येते. मोकळ्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक लाल टिकली लावा. समोर ठरलेल्या जागी, पलंगाच्या कडेला म्हणा, दर महिन्याच्या एकाच तारखेला बसून डोकं सरळ ठेवून बघा. दोन टिकल्या शेजारी-शेजारी दिसतात की वर-खाली? मधलं अंतर अंदाजे किती बोटं? ते कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहा. याने मोजमापाची जागा भरून निघत नाही, पण अंतर वाढतंय की थांबलंय हे तुम्हाला आणि आम्हाला आधी कळतं.

*पुढे जाण्याआधी तपासा:* थायरॉइड ताब्यात, सात खुणा शांत, सहा महिन्यांचे आकडे सारखे, खोबणीचा प्रश्न निकालात. चारांपैकी एकही अडत असेल तर तारीख घेऊ नका.

टप्पा ६: मधला काळ निभावणं

सगळ्यात साधा उपाय म्हणजे चष्म्याच्या एका काचेवर धूसर चिकटपट्टी. दुसरी प्रतिमा लगेच जाते. मोठ्या माणसाच्या डोळ्याला याने इजा होत नाही, डोळा आळशीही होत नाही. एका डोळ्याने अंतराचा अंदाज मात्र चुकतो. दादरचा पूल उतरताना कठडा धरा, लोकलमधून उतरताना फलाटाची फट पायाने चाचपून मगच पाऊल टाका, आणि गर्दीच्या वेळची गाडी शक्यतो सोडा. दुहेरी दिसत असताना स्कूटर किंवा गाडी चालवायची नाही, गल्लीतल्या गल्लीतही नाही.

फरक फार मोठा नसेल तर फ्रेनेल प्रिझम मिळतो. ही पातळ प्लास्टिकची रेघांची चकती असते, पाण्याने काचेवर चिकटते आणि आकडा बदलला की बदलता येते. त्यातून थोडं धूसर दिसतं, हे आधीच माहीत असू द्या. या काळात महागडा, आत प्रिझम घडवलेला चष्मा बनवू नका. आकडा सरकला की तो वाया जातो.

टप्पा ७: सर्जनकडून काय मागायचं

यात डोळा बाहेर काढत नाहीत. लेझरही नाही. पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा उघडून आखडलेला स्नायू त्याच्या जागेवरून सोडवतात आणि काही मिलिमीटर मागे शिवतात, म्हणजे त्याची ओढ कमी होते. स्नायू कापून आखूड करणं या आजारात क्वचितच करतात, कारण तो आधीच ताठ आहे.

ध्येय असतं ते समोर बघताना आणि वाचायला खाली बघताना एकच दिसावं, मान सरळ राहावी. छताकडे किंवा अगदी कोपऱ्यात बघताना दोन दिसणं राहू शकतं. हे आधी मान्य नसेल तर चांगलं झालेलं ऑपरेशनही फसल्यासारखं वाटतं.

तुम्ही दिवसभर काय करता ते सर्जनला सविस्तर सांगा. बेस्टच्या ड्रायव्हरची गरज आणि पोळपाटावर किंवा शिलाई मशीनवर खाली बघून काम करणाऱ्या बाईची गरज एक नाही. डोळ्याखालचा स्नायू जास्त मागे गेला तर नेमकं खाली बघणंच बिघडतं.

विचारा: कोणते स्नायू, एका डोळ्याचे की दोन्हींचे? सरकवता येणारे, म्हणजे जागं झाल्यावर ओढता किंवा सैल करता येणारे, टाके घालणार का? दुसरं ऑपरेशन किंवा नंतर प्रिझम लागण्याची शक्यता माझ्या बाबतीत किती?

मेडिक्लेम असेल तर डॉक्टरांच्या पत्रात 'थायरॉइडच्या आजारामुळे दुहेरी दिसणे' हे कारण स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'तिरळेपणा' लिहिलं की सौंदर्यासाठीचं म्हणून नाकारलं जाण्याचा धोका असतो. मंजुरी भरती होण्याआधी घ्या.

टप्पा ८: भरतीच्या आधीचा आठवडा

भूलतज्ज्ञांना सगळी औषधं दाखवा. गेल्या काही महिन्यांत स्टिरॉइड घेतली असतील, शिरेतून किंवा गोळ्यांनी, तर ते न विचारता सांगा. शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवण्याची क्षमता दबलेली असू शकते आणि त्याची तजवीज करावी लागते. मधुमेह असेल तर स्टिरॉइडनंतर साखर पुन्हा तपासा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका, विचारा. थायरॉइडची सकाळची गोळी त्या दिवशी घोटभर पाण्यासोबत घ्यायची का, हेही लिहून घ्या. पोट रिकामं ठेवण्याचा नेहमीचा नियम म्हणजे जेवण-खाण ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधी. चहात दूध असतं, तो पाण्यात मोडत नाही.

भरतीच्या आदल्या एक-दोन दिवसांत शेवटचं मोजमाप होतंच. त्यात आकडा हलला असेल तर तारीख पुढे ढकलायची तयारी ठेवा, नातेवाईक गावाहून आलेले असले तरीही.

टप्पा ९: ऑपरेशनचा दिवस

बहुतेक वेळा पूर्ण भूल देतात. भूल चढल्यावर सर्जन चिमट्याने डोळा धरून सगळ्या बाजूंना फिरवून बघतात. कुठे किती ताठ आहे ते हाताला कळतं आणि योजना थोडी बदलूही शकते.

सरकवता येणारे टाके असतील तर खरं काम तुम्ही जागे झाल्यावर असतं, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. तुम्हाला चष्मा लावून बसवतात, सुन्न करणारे थेंब टाकतात आणि समोरच्या तक्त्याकडे बघायला सांगतात. अजून दोन दिसत असतील तर सर्जन सुटी ठेवलेली गाठ ओढतात किंवा सैल करतात, पुन्हा बघायला सांगतात, मग गाठ पक्की. ओढल्यासारखं वाटतं, काहींना मळमळतं, घेरी येते. घेरी आल्यासारखं वाटलं की लगेच बोला, थांबता येतं. त्या वेळी आम्हाला बरं वाटावं म्हणून "एकच दिसतंय" म्हणू नका. जे दिसतंय ते सांगा, त्यावरच गाठ बसते.

डोळ्याखालचा स्नायू पुढच्या आठवड्यांत आपोआप आणखी सैल होत जाऊ शकतो. म्हणून बरेच सर्जन मुद्दाम थोडं कमी दुरुस्त करून थांबतात. पहिल्या दिवशी थोडं दुहेरी उरलं तर ऑपरेशन फसलं असं समजून घाबरू नका.

टप्पा १०: पहिले सहा आठवडे

घरी टॅक्सीने जा, सोबत कोणीतरी हवंच. पहिल्या दिवशी लालसर अश्रू येतात. डोळा दोन-तीन आठवडे लालभडक दिसतो, टाका खुपतो. अंघोळ गळ्याखालून. केस धुवायचे तर डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, डोकं मागे टाकून, दुसऱ्या कोणाकडून. साधारण महिनाभर पोहणं नाही. गणपतीचे दिवस असतील तर मिरवणुकीतल्या गुलालापासून लांब राहा. काजळ, गुलाबपाणी, तूप, दुधाची पट्टी यातलं काहीही डोळ्याजवळ नको.

स्टिरॉइडचे थेंब सांगितलेल्या तारखेला बंद करा. बरं वाटतंय म्हणून केमिस्टकडून तीच बाटली पुन्हा आणणं ही फार नेहमीची चूक आहे. त्याने डोळ्याचा दाब वाढतो.

*ताबडतोब फोन करा:* नजर कमी झाली, दुखणं दोन दिवसांनी उतरायच्या ऐवजी वाढलं, पू किंवा ताप आला, पापणी टम्म सुजली, किंवा डोळा अचानक एका बाजूला गेला आणि एका दिशेला फिरेनासा झाला. शेवटच्या प्रकारात टाका निसटून स्नायू मागे सरकलेला असू शकतो. लवकर पकडला तर तो परत जागेवर आणणं सोपं जातं.

पहिल्या आठवड्यात दुहेरी दिसणं कमी-जास्त होतं. सकाळी एक, रात्री दोन, असंही. निष्कर्ष सहा आठवड्यांच्या मोजमापावर काढायचा आणि पक्का तीन महिन्यांच्या. तोवर नवीन चष्मा नको. आधीच्या चष्म्यावर प्रिझम असेल तर तो काढून टाकलाय ना ते तपासा. सरळ झालेल्या डोळ्यापुढे जुना प्रिझम राहिला की पुन्हा दोन दिसतात आणि घरचे उगाच हबकतात.

तीन महिन्यांनंतर थोडा फरक उरला असेल तर चष्म्यातच प्रिझम घडवून घेता येतो, आणि अनेकांचं काम तेवढ्यावर भागतं. फरक मोठा असेल तर दुसरं ऑपरेशन, पण पुन्हा आकडे थांबल्यावरच. पापण्यांचा विषय सर्जनकडे काढायचा तो यानंतर. त्या भेटीला आजाराआधीचा एक जुना फोटो घेऊन जा, साधा समोरून काढलेला. पापणी कुठे होती ते त्यांना त्यात दिसतं.